ग्वाल्हेरची दिवाणगिरी आणि देवळातील शाळा

लष्कर-ग्वाल्हेर येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांत काही घराणी अशी आहेत, की ज्यांचे कुलदैवत गोमंतकातील अंत्रुज महालात आहे. चंबळेच्या काठी घर आणि झुआरीच्या काठी देव, अशी ही विलक्षण व्यवस्था शिंदे सरकारच्या दौलतीने घडवून आणली. या नात्याचा विचार करताना बहुधा इनामे, मोहिमा आणि दिवाणगिऱ्या यांचीच चर्चा होते. परंतु हे नाते ज्या एका साध्या गोष्टीवर उभे होते तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. ती गोष्ट म्हणजे गावची शाळा. देवळाच्या आश्रयाने, गावाच्या भातावर चालणाऱ्या त्या शाळेत बोरू धरावयास शिकलेली मुलेच पुढे उत्तरेकडील दफ्तरांत जाऊन बसली. आणि त्या दफ्तरांतून जे द्रव्य व जी सत्ता मिळाली तिचा काही अंश देवाच्या रूपाने पुन्हा गावी आला.

या व्यवहाराचे सर्वांत ठळक उदाहरण रामचंद्र मल्हार सुखटणकर यांचे होय. इतिहासात ते रामचंद्रबाबा शेणवी या नावाने अधिक परिचित आहेत. राणोजी शिंदे यांचे दिवाण म्हणून त्यांनी मोठा लौकिक मिळविला. श्रीमंगेशावर त्यांची नितांत श्रद्धा होती, आणि त्यांच्याच सूचनेवरून पेशव्यांनी इ. स. १७३९ मध्ये मंगेशी हा गाव श्रीमंगेश देवस्थानास इनाम दिला. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट आहे. १७३९ साली ग्वाल्हेर शिंद्यांचे नव्हते. राणोजींचे ठाणे उज्जैनीस होते. ग्वाल्हेरचा किल्ला महादजींच्या हाती १७८३ साली आला, आणि दौलतराव शिंद्यांच्या छावणीचे 'लष्कर' हे शहर १८१० पासून वसले. तेव्हा मंगेशीच्या इनामास 'ग्वाल्हेरकरांचे इनाम' म्हणण्याची जी रीत आहे ती काळाच्या दृष्टीने चुकीची, पण घराण्याच्या दृष्टीने बरोबर आहे.

त्याच सुमारास कवळे येथे श्रीशांतादुर्गेचे मंदिर शाहू महाराजांच्या राज्यात नारो राम मंत्री यांच्या प्रयत्नाने उभे राहिले. एक मार्ग उज्जैनीहून, दुसरा साताऱ्याहून. दोन्ही अंत्रुजातील देवळांपाशी येऊन पोहोचले. दोन्ही मार्गांवरील पुरुष लेखणीचे होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

रामचंद्रबाबांविषयीची आणखी एक हकीकत या विषयाशी थेट संबद्ध आहे. चिमाजीआप्पांचे पुत्र सदाशिवरावभाऊ यांना राज्यकारभाराचे, विशेषतः जमाखर्चाचे, शिक्षण त्यांनी दिले. ज्या पुरुषाने पुढे उदगीर जिंकले आणि पानिपतावर मराठी सैन्याचे नेतृत्व केले, त्याचा हिशेब पक्का करून घेणारा हा गृहस्थ होता. दिवाण झाला तरी त्याच्यातील पंतोजी गेला नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही. पुढील पिढ्यांत जिवबादादा केरकर बक्षी, बाळोबातात्या पागनीस, लखबादादा लाड अशी एकाहून एक कर्ती माणसे शिंद्यांच्या पदरी आली. महादजींच्या मृत्यूनंतर दौलतरावांच्या अमदानीत जो कलह माजला, त्यात या मंडळींची धूळधाण झाली. बाळोबातात्या १८०० साली अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत वारले. परंतु तोवर उत्तरेत त्यांची घरे रुजली होती.

ही माणसे शिकली कोठे? कोणत्याही एका पुरुषाच्या बालपणाविषयी निश्चयाने बोलणे धाडसाचे ठरेल. परंतु ज्या पद्धतीने असे कारकून, फडणीस आणि दिवाण तयार होत, ती पद्धत सुपरिचित आहे. गोमंतकात गावच्या पंतोजीस 'शेणैमाम' म्हणत. त्या नावातच सर्व काही आले. 'शेणै' म्हणजे जाणता, लिहिणारा. आणि 'माम' म्हणजे मामा. शिक्षकाला मामा म्हणणाऱ्या गावात शाळा ही परकी संस्था असूच शकत नाही. शेणैमामाची शाळा देवळाच्या अग्रशाळेत, नाही तर एखाद्या सुखवस्तू घराच्या पडवीत भरे. तिला इमारत नव्हती, फळा नव्हता, घंटाही नव्हती. मुले मांडी घालून बसत, धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवीत, हात वळला की बोरू हाती येई. बाळबोध अक्षर झाले की मोडी. मोडीशिवाय दफ्तरात कोणी उभे करीत नसे. संध्याकाळी उजळणी: पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आज हे सारे घोकंपट्टी म्हणून हसण्यावारी नेले जाते. परंतु शेतसाऱ्याचा, फौजेच्या पगाराचा आणि सावकारी व्याजाचा हिशेब बसल्या बैठकीला तोंडी करणारा मनुष्य याच घोकण्यातून निघत असे, हे विसरता येत नाही.

मामाचा योगक्षेम गाव पाही. रोख पैसा थोडा. हंगामाला भात, नारळ, सणावाराला शिधा, श्रावणीला किंवा दसऱ्याला धोतरजोडी. मामा परगावचा असल्यास त्याचे जेवण घरोघर वारीने ठरे. अशा शिक्षकाला गावातील प्रत्येक घराची चूल ठाऊक असे, आणि गावालाही मामाचा स्वभाव ठाऊक असे. सरकारी सनद नसताना त्याचा अधिकार चाले तो यामुळेच. पत्र वाचून दाखविणे, गहाणखत लिहिणे, पंचांग पाहून तिथी सांगणे, वादात दोन शब्द बोलणे ही कामेही त्याच्याचकडे येत. उत्तरेकडून आलेले पत्र ज्या घरात वाचता येत नसे, तेथे मामाला बोलावणे जाई.

ही शाळा देवळाला चिकटून का राहिली याला अंत्रुजात विशेष कारण आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले, देवळे मोडली गेली, आणि देव नदी ओलांडून आले. श्रीमंगेश कुशस्थळीहून १५६० साली प्रियोळास आला. श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. देवांमागोमाग माणसे आली, आणि माणसांबरोबर पोथ्या व दौती आल्या. पलीकडच्या तीरावर २७ जून १६८४ च्या फर्मानाने व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने देशी भाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम केला. अलीकडच्या तीरावर मात्र शेणैमाम मुलांकडून उजळणी म्हणवून घेत होता. नदीचे पात्र काही फार रुंद नव्हे; पण एका काठाला लिपी गेली आणि दुसऱ्या काठाला ती राहिली.

१७६३ साली फोंडा महालही पोर्तुगीजांच्या अमलाखाली आला. तोवर दोन शतके लोटली होती, आणि नव्या काबिजादीत देवस्थानांना व रूढींना हात न लावण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी स्वीकारले होते. त्यामुळे इनामे टिकली, अग्रशाळा टिकल्या, आणि त्यांच्या सावलीत शाळाही टिकली. इनाम देवास मिळाले होते, शाळेस नव्हे. तरी देवळाला उत्पन्न असल्यावाचून अग्रशाळेचे छप्पर शाकारले जात नाही, आणि छपरावाचून पावसाळ्यात गोमंतकात शाळा भरत नाही. १७३९ च्या इनामाचा शाळेशी असलेला संबंध एवढाच आहे, परंतु तो खरा आहे.

येथवरचे चित्र जितके मनोहर आहे तितकेच ते अपुरे आहे. 'गावची शाळा' असे म्हणताना गाव म्हणजे कोण, हा प्रश्न टाळून चालणार नाही. शेणैमामापुढे बसत ती मुख्यतः महाजनांची, भटजींची आणि व्यापाऱ्यांची मुले. देवळाची जमीन कसणाऱ्या कुळाचा मुलगा तेथे क्वचितच दिसे. ज्यांना देवळाच्या पायरीपाशीही येऊ दिले जात नव्हते त्यांच्या मुलांचा तर विचारच नव्हता. मुलींना अक्षरओळख झालीच तर घरात, चोरून. आणि देवळाच्या सेवेला बांधलेला जो कलावंत समाज, ज्याच्या गाण्यावाचून पालखी हलत नसे, त्याच्या मुलांना शिक्षणासाठी किती झगडावे लागले हे राजाराम रंगाजी पैंगीणकर यांच्या 'मी कोण?' या आत्मचरित्राच्या नावातूनच सूचित होते. ज्या भातावर मामा जगे ते भात कुळांनीच पिकविलेले होते. महाजन मंडळींच्या ग्रंथात ही गोष्ट लिहिली जाणे अवघड वाटेल. पण ती वगळली तर शाळेचा इतिहास निम्माच उरतो.

अक्षराची शाळा ज्यांना बंद होती त्यांच्यासाठी सुरांची शाळा मात्र उघडी राहिली, आणि गंमत अशी, की त्याही वाटेवर ग्वाल्हेर भेटते. सावंतवाडी संस्थानातील वझरे गावचे रामकृष्णबुवा वझे हालअपेष्टा सोशीत ग्वाल्हेरला पोहोचले आणि निसार हुसेन खाँ यांच्यापाशी गायकी शिकून परतले. मंगेशी येथे २९ डिसेंबर १९०० रोजी जन्मलेले दीनानाथ मंगेशकर यांचे पहिले शिक्षण बाबा माशेलकर यांच्याकडे झाले, आणि पुढे वझेबुवांची तालीमही त्यांना लाभली. शिंद्यांच्या दिवाण शेणव्याच्या सूचनेवरून मंगेशीस इनाम मिळाले. दीडशेहून अधिक वर्षांनी त्याच मंगेशीच्या मुलापर्यंत ग्वाल्हेरची गायकी आली. पहिले दान देवळाच्या वहीत नोंदले गेले, दुसरे नाटकगृहातील प्रेक्षकांच्या कानांत.

विसाव्या शतकाच्या आरंभी शाळेने देवळाची पडवी सोडून बाहेर पाऊल टाकले. १९०८ साली पणजीत मुष्टिफंडाची स्थापना झाली. घरोघर रोज मूठभर तांदूळ बाजूला काढावयाचा आणि त्यातून शाळा चालवावयाची, ही कल्पना नवी म्हणून गाजली. वस्तुतः ती शेणैमामाच्या शिध्याचीच सुधारलेली आवृत्ती होती. फरक एवढाच, की पूर्वीचा शिधा ज्याचा मुलगा शाळेत बसे तो देई. मुष्टिफंडाची मूठ ज्याला मूल नाही तोही देऊ लागला. हा फरक लहान नाही. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक झाले आणि हिंदूंना समान नागरिकत्व मिळाले. लगोलग १९११ साली फोंड्यास गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले. डॉ. रामचंद्र पांडुरंग तथा दादा वैद्य आणि सीताराम केरकर हे त्याचे आधारस्तंभ. मंडळाच्या विद्यालयास अंतोनियु जुझे द आल्मैद या पोर्तुगीज प्रजासत्ताकवादी नेत्याचे नाव देण्यात आले. हे गृहस्थ पुढे पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्षही झाले. देवळांच्या महालातील मराठी शाळेला लिस्बनच्या मुत्सद्द्याचे नाव, हे ऐकून आज कोणाला हसू येईल. परंतु त्या काळी त्यात कृतज्ञता होती आणि, बहुधा, थोडे व्यवहारचातुर्यही होते. सरकारदरबारी ज्याचे नाव मानाने घेतले जाते त्याच्या नावाच्या शाळेला कुलूप ठोकणे सोपे नसते.

पुढे सालाझारशाहीत दिवस पुन्हा कठीण आले. परवाने, तपासण्या आणि संशय यांतून वाट काढीत खेड्यातील मराठी शाळा चालल्या. शिकविणारे पुष्कळदा वेंगुर्ले-सावंतवाडीकडून आलेले असत. पगार तुटपुंजा, पण राहण्यास अग्रशाळेची खोली आणि दुपारी कोणाच्या तरी घरचे जेवण. जुनी वारीची पद्धत अशी नव्या मास्तरांच्या वाट्यासही आली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि २० डिसेंबर १९६३ रोजी भाऊसाहेब दयानंद बांदोडकर यांनी पहिल्या मुख्यमंत्रिपदाची सूत्रे घेतली. गावोगाव प्राथमिक शाळा उघडण्याचे जे कार्य त्यांच्या सरकारने केले ते इमारतींची वाट पाहत बसले असते तर झालेच नसते. जेथे जागा मिळाली तेथे शाळा भरली: देवळाच्या मंडपात, अग्रशाळेत, कोणाच्या माडीवर. अग्रशाळा तीच, पडवी तीच. पण आता तेथे बसलेल्या मुलांत कुळाचा मुलगा होता, देवळापुढे चौघडा वाजविणाऱ्याचा होता, आणि मुलीही होत्या. ज्या कलावंत समाजाच्या मुलांना पूर्वी अक्षरासाठी झगडावे लागले, त्याच समाजातून आलेल्या मुख्यमंत्र्याच्या हातून हे घडले, हा योगायोग मानावयाचा की न्याय, हे ज्याचे त्याने ठरवावे. सर्वच देवस्थानांनी हे सारखेच आनंदाने स्वीकारले असेल असे मानण्याचे कारण नाही. पण शाळा भरली.

नंतर सरकारी इमारती उभ्या राहिल्या आणि वर्ग तेथे गेले. देवळाची अग्रशाळा पुन्हा यात्रेकरूंसाठी मोकळी झाली. १९९० साली प्राथमिक शिक्षणाचे अनुदान देशी भाषांच्या शाळांपुरते ठेवण्यात आले, २०११ साली ते इंग्रजी माध्यमासही खुले झाले, आणि खेड्यांतील अनेक मराठी प्राथमिक शाळांत पटावरची मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. काही शाळा बंद झाल्या, काही शेजारच्या शाळेत विलीन झाल्या. ज्या चालू आहेत त्यांत नवरात्रात सरस्वतीपूजनाचा दिवस अजूनही गावाचा दिवस असतो. मुले पाटीवर सरस्वती काढतात, पालक प्रसादाची तयारी करतात, जुने विद्यार्थी वर्गणी जमवितात, रात्री नाटक होते. त्यासाठी समया आणि जाजमे लागली, तर ती मागावयास माणूस देवळाकडे जातो.