चाक बोलतं

आमच्या बँकेतल्या एका मित्राने परवा जुनी कॅरॅव्हॅन घ्यायचं ठरवलं. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हे बिऱ्हाड त्याच्या डोक्यात मुक्कामाला आहे. "तू बघायला चल, तू बी. कॉम. आहेस," म्हणाला. बी. कॉम.ला घसारा शिकवतात, गंज ओळखायला नाही. तरी निघालो, कारण या विषयात आमच्या घराण्याला इतिहास आहे. तो लाजिरवाणा आहे, ही गोष्ट वेगळी.

तसा गाडीचा इतिहास फार जुना. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली कांशाची एक बैलजोडीची गाडी सापडली. तिची चाकं भरीव, आरेच नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकाची निम्मी तपासणी वाचली. हौसेने गाडीत बिऱ्हाड थाटणारा गृहस्थ मात्र विलायतेतला. गॉर्डन स्टेबल्स नावाचा निवृत्त आरमारी डॉक्टर १८८५ साली दोन घोड्यांच्या घरातून स्कॉटलंडकडे निघाला. पुढे तीनचाकी सायकलवर नोकर, समोरच्यांना सावध करायला. आपल्याकडे हेच काम सरकारी होतं. साहेब हिवाळ्यात दौऱ्यावर निघाला की एका तंबूत तो झोपे आणि दुसरा तंबू बैलगाडीतून रातोरात पुढच्या मुक्कामी जाई.

आमचे आजोबा ना साहेब, ना डॉक्टर. ते भंडारा जिल्ह्यातल्या करडीचे. १९६० च्या सुमारास मोठ्या आत्याचं लग्न ठरलं आणि लेक सासरी दमणीतून जावी असं त्यांनी मनात घेतलं. नवी परवडेना, म्हणून जुनी पाहिली. छत नवं, रंग ताजा, घुंगरं खणखणीत. सोबत नेलेल्या म्हाताऱ्या सुताराने मात्र रंगाकडे पाहिलंच नाही. त्याने आऱ्यांवर बोटाने टिचक्या मारल्या, चाक हलवून पाहिलं आणि म्हणाला, "चाक बोलते जी. पन हे वालं आज तोंडात पानी धरून बसलं हाये. चार दिवस वारू द्या, मंग घ्या."

यातली मेख अशी. लोहार लोखंडाची धाव लाल तापवतो, फुगलेली असताना चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. धाव आकसते, चाक आवळलं जातं. पण उन्हाळ्यात लाकूडही सुकून आकसतं आणि धाव सैल होते. मग चाकं पाण्यात बुडवून ठेवायची. लाकूड फुगतं, सगळं घट्ट. गाडीवानाने केलं तर तो उपाय, विकणाऱ्याने केलं तर ती हातचलाखी. आमच्या दमणीने सौद्याच्या आदल्या रात्री तळ्यात मुक्काम केला होता.

आजोबांना मुहूर्ताची घाई. चार दिवस कुठले थांबतात! भर वैशाखात, सासरचं गाव कोसभर राहिलं असताना धाव निघाली आणि एकटीच पुढे घरंगळत गेली. वऱ्हाड हसलं. आत्या शालू सावरत, तापलेल्या फुफाट्यातून चालत सासरी पोचली. "चालत आलेली सून" हे नाव तिला जन्मभर चिकटलं. घरही काही सुखाचं निघालं नाही. म्हातारपणी एकदा मला म्हणाली, "बाबांनी गाडी अन् घर एकाच नजरेनं पाह्यलं रे. दोघांचाही रंग नवा होता." ती हसली. मला हसता आलं नाही.

तर ती कॅरॅव्हॅन. मित्र पडद्यांवर खूश. मी आधी कागद मागितले. आरसी बुकावर कर्जाचा बोजा तसाच. फॉर्म ३५ चा पत्ता नाही. एवढं मात्र मला बँकेने शिकवलंय. टायरवरचे चार आकडे वाचले: आठवडा आणि साल. टायर मित्राच्या शाळकरी मुलापेक्षा वडील निघाले. मग पडद्यामागच्या कोपऱ्यात प्लायवूडवर अंगठा दाबला. तो पुरणात जावा तसा आत गेला. छत गळत होतं, वर रंग ताजा होता.

दमणी वाळवून पाहायची, कॅरॅव्हॅन भिजवून. मी मालकाला म्हटलं, "दोन पाऊस पडू द्या, मग येतो."

परतताना मित्र गप्प होता. शेवटी म्हणाला, "रंग मात्र छान होता, नाही?"

मी म्हटलं, "आमच्या आत्याला विचारायला हवं होतं."