रिक्त पदांवरील उमेदवारांचा हक्क

लोकसेवा आयोगाच्या वा निवड मंडळाच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊन ज्याचे नाव गुणानुक्रमे निवडयादीत आले, त्यास रिक्त शासकीय पदावर नेमणूक मागण्याचा हक्क आहे किंवा कसे, हा भारतीय सेवाविषयक विधीतील एक जुना वादविषय. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने शासकीय नोकरीच्या बाबतीत नागरिकांना समान संधीची हमी दिली आहे. प्रत्यक्ष नोकरीची हमी तीत अभिप्रेत नाही.

या विषयावरील पायाभूत निर्णय हरयाणातील दुय्यम न्यायाधीशांच्या भरतीतून उद्‌भवला. १५ जागांसाठी झालेल्या परीक्षेत किमान ४५ टक्के गुणांची अट ४० उमेदवारांनी पुरी केली. शासनाने मात्र ५५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या पहिल्या सात जणांनाच नेमले व उरलेल्या जागा रिकाम्या ठेविल्या. ५५ टक्क्यांखालील उमेदवार घेऊ नयेत, अशी सूचना उच्च न्यायालयानेच प्रशासकीय नात्याने केली होती. पुढे आठव्या, नवव्या व तेराव्या क्रमांकांच्या उमेदवारांनी दाद मागितली, तेव्हा त्याच न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये तो फिरविला. न्या. पालेकर यांच्या मते पात्रतेची अट पुरी करणारा उमेदवार केवळ विचारार्ह ठरतो. जागा रिकामी आहे एवढ्यावरून त्यास नेमणुकीचा हक्क प्राप्त होत नाही. यादीतील क्रम डावलून खालच्या उमेदवारास आधी नेमणे मात्र शासनास वर्ज्य आहे. निर्णयाची तर्कसंगती निर्दोष असली, तरी ५५ टक्क्यांची रेषा भरतीच्या नियमांत नव्हती, ही त्यातील बोचरी बाजू होय.

केंद्रीय गृहमंत्रालयाच्या ८ फेब्रुवारी १९८२ च्या परिपत्रकाने उमेदवारांना काहीसा दिलासा दिला. जाहीर झालेल्या जागांच्या मर्यादेत यशस्वी ठरलेल्यांना, जागांची संख्या पुढे बदलली तरी, नेमण्याची जबाबदारी त्याने नियुक्ती अधिकाऱ्यावर टाकली. दिल्ली न्यायिक सेवेच्या प्रकरणात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आधार घेतला.

घटनापीठाचा अधिकृत निर्णय १९९१ मध्ये आला. १९७७ च्या परीक्षेतून भारतीय पोलीस सेवेसाठी निवडलेले काही जण रुजू न झाल्याने १४ जागा उरल्या. त्यांपैकी राखीव जागा भरल्या गेल्या, सर्वसाधारण जागा तशाच राहिल्या. भरतीची जाहिरात म्हणजे अर्ज करण्याचे केवळ निमंत्रण असून, यादीतील नावामुळे अबाधित हक्क मिळत नाही, असे पीठाने ठरविले. त्याबरोबरच, पदे न भरण्याचा निर्णय प्रामाणिक व योग्य कारणांवर आधारलेला असला पाहिजे. शासनास मनमानीचा परवाना नाही, असेही त्याने बजावले. पुढील सर्व वाद प्रायः या दुसऱ्या भागाभोवतीच फिरले आहेत. प्रतीक्षायादीची गोष्ट वेगळी : ती निवडलेला उमेदवार रुजू न झाल्यास उपयोगी पडते, नंतर निर्माण होणाऱ्या जागांसाठी नव्हे, असे गुजरातमधील अभियंत्यांच्या प्रकरणात १९९४ मध्ये स्पष्ट झाले.

हरयाणा प्रकरणातील सुप्त प्रश्न राजस्थान उच्च न्यायालयाच्या १३ अनुवादक पदांच्या भरतीने पुन्हा वर आणला. तेथे परीक्षेनंतर ७५ टक्क्यांची अट लावून तिघांचीच निवड झाली होती. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने दोन हक्कांत भेद केला. यादीत स्थान मिळविण्याच्या टप्प्यावर, नियमांत वा जाहिरातीत तशी मुभा नसल्यास, निकष मध्येच बदलता येत नाहीत. यादी झाल्यावर मात्र प्रामाणिक कारणास्तव पदे रिक्त ठेवता येतात. जागा असूनही यादीतील उमेदवारास नाकारले, तर त्यामागे मनमानी असता कामा नये.

हक्काचे हे सीमित स्वरूप व्यवहारात आणखी आकुंचन पावते, कारण निवडयादीस मुदत असते व उमेदवाराचे वयही थांबत नाही. जम्मू व काश्मीरमध्ये मुन्सफांच्या पदांसाठी आयोगाने पाठविलेल्या २० नावांपैकी १३ च शासनाने स्वीकारली. अशी निवडानिवड शासनास करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटले. परंतु यादीची मुदत संपली होती व अर्ज उशिरा आला होता, म्हणून उरलेल्यांना नेमणूक मिळाली नाही.