नळीची पारख : उत्तर कोकणातील बंदूक आणि तिचा कारागीर

रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातील खांब हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान वसलेले असून गावालगतच सूरगड उभा आहे. रोह्याजवळचा अवचितगड, दक्षिणेकडील घोसाळगड व तळगड आणि कुंडलिकेच्या मुखावरील रेवदंडा यांच्यासह सूरगडाने वेढलेल्या या मुलखासाठी मराठे, जंजिऱ्याचे सिद्दी आणि पोर्तुगीज दीर्घकाळ झगडले. त्या झगड्यात बंदूक चालवणाऱ्यांचा इतिहास बराच लिहिला गेला, मात्र ती घडवणाऱ्याचा आणि दुरुस्त करणाऱ्याचा इतिहास सहसा तळटिपांतच राहिला. आज लक्ष्यभेदाची रायफल बांधून घेऊ पाहणाऱ्या नेमबाजापुढे ‘काम कोणाच्या हाती सोपवावे’ हा जो प्रश्न असतो, तो या किनारपट्टीवर किमान पाचशे वर्षे जुना आहे; तंत्र आणि कायदा बदलत गेले तसतसे त्याचे उत्तर मात्र बदलत गेले.

पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला तेव्हा तेथे बंदुका घडवणारे कसबी कारागीर आधीपासूनच काम करीत होते. आफोन्सो द आल्बुकर्क याने १५१३ मध्ये आपल्या राजाला कळवले की, गोव्यातील बंदुका त्या काळी नावाजलेल्या बोहेमियाच्या बंदुकांच्या तोडीच्या आहेत. या परंपरेतून तयार झालेली तोडेदार बंदूक, म्हणजे पेटत्या दोरीने दारूला बत्ती देणारी बंदूक, पोर्तुगीज जहाजांबरोबर पूर्वेकडे पसरली आणि १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचली. तेथील परंपरा सांगते की, स्थानिक तलवार घडवणाऱ्या लोहाराला नळी घडवणे जमले, परंतु नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या मळसूत्राचे आटे पाडण्याची युक्ती त्याला परक्या कारागिराकडूनच शिकावी लागली. बंदुकीचे खरे कसब कोठे असते, हे या कथेवरून लक्षात येते.

भारतीय नळी घडवण्याची एक प्रचलित पद्धत अशी होती की, लोखंडाची तापवलेली पट्टी सळईभोवती मळसूत्राप्रमाणे गुंडाळून, पुन्हा पुन्हा भट्टीत घालून ठोकत तिच्या कडा एकजीव केल्या जात आणि मग आतील पोकळी कोरून सरळ केली जात. अशा नळीत सांधा लांबीच्या दिशेने सरळ न जाता नळीभोवती फिरत असल्याने, दारूच्या दाबाने नळी उभी फाटण्याचा धोका कमी होई. आतून गुळगुळीत असलेल्या या नळीतून सुटलेली गोळी नळीपेक्षा किंचित लहान असल्याने बाहेर पडताना कोणत्या भिंतीला शेवटी घासेल याचा नेम नसे. म्हणून कारागिराची निवड करताना नळी फुटणार नाही, बत्तीचे छिद्र लवकर झिजणार नाही आणि चाप अडणार नाही, एवढीच अपेक्षा धरली जाई. अचूकतेचा भार मुख्यतः बंदूकधाऱ्याच्या सरावावर असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडावरील दारूखाना आणि दारूची निगा यांविषयी सविस्तर सूचना आढळतात, त्याचे कारणही हेच की, ओलसर हवेच्या कोकणात उत्तम नळीही दमट दारूपुढे निकामी ठरे.

एकोणिसाव्या शतकात नळीच्या आत मळसूत्राप्रमाणे फिरणाऱ्या खाचा, म्हणजेच आटे, पाडून गोळीला स्वतःभोवती फिरवण्याची पद्धत सैन्यांत रूढ झाली आणि कसोटी पार बदलली. इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने २ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथे, टेकूवर पक्की बसवलेली व्हिटवर्थ रायफल ४०० यार्डांवरून झाडून केले आणि गोळी लक्ष्याच्या मध्यापासून जेमतेम दीड इंचावर लागली. टेकूवरची रायफल स्वतःच एवढी अचूक असू शकते हे सिद्ध झाल्यावर मोजमापाची यंत्रे असलेला कारखाना भट्टीवरच्या लोहाराच्या पुढे गेला. भारतात १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा आणि १९०४ मध्ये बंगालमधील इशापूरला रायफलींचा सरकारी कारखाना सुरू झाला, परंतु ही यंत्रे सरकारच्या ताब्यात राहिली.

त्याच काळात कायद्यानेही कारागिराला वेढले. १८५७ च्या उठावानंतर सुरू झालेल्या निःशस्त्रीकरणाचे पक्के रूप असलेल्या १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्र बाळगणे, घडवणे आणि विकणे परवान्याच्या कक्षेत आणले. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या अधिनियमाने, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, शस्त्राची निर्मिती, विक्री, दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणी यांपैकी प्रत्येक कामासाठी परवाना आवश्यक ठरवला. परवानगीवाचून नळी आखूड करणे हाही गुन्हा ठरला. परिणामी कोकणातील खेड्यांत रानडुकरे व माकडे यांपासून पीक राखण्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक, म्हणजे तोंडाकडून दारू व गोळी ठासून भरायची बंदूक, टिकून राहिली आणि निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याचा रिवाजही पडला. तिचा कारागीर मात्र घडवणारा न राहता मोजक्या शहरांतील परवानाधारक दुरुस्तीकार झाला.

नेमबाजीचा खेळ या पोकळीत वाढला. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना झाली. पुढे अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी महाराष्ट्राचे नाव जगभर नेले, तर शिरूर यांनी रायगड जिल्ह्यातच पनवेल येथे ‘लक्ष्य’ ही प्रशिक्षणसंस्था उभारली. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा आणि ५० मीटरच्या लक्ष्यावरील तोच भाग १०.४ मिलिमीटरचा असल्याने, या खेळातील रायफली प्रायः वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ यांसारख्या जर्मन कारखान्यांतून येतात.

म्हणून येथील नेमबाज कारागीर निवडतो तेव्हा तो नळी घडवणाराच शोधत असतो असे नाही. तयार नळी चौकटीत ताण न देता बसवणे, काडतूस बसते ती कोठी तिला समअक्ष ठेवणे, नळीच्या तोंडाची कड तिळभरही झिजू न देणे, चापाचा दाब एकसारखा राखणे आणि दस्ता खांदा, गाल व हात यांना जुळवणे ही कामे त्याला हवी असतात. त्याशिवाय, ५० मीटरच्या रायफलीला काडतुसांची कोणती खेप मानवते हे रायफल शिकंज्यात पकडून, एकेका खेपेच्या गोळ्या झाडून आणि छिद्रांचा विस्तार मोजूनच ठरते. अशा वेळी परवाना वैध असणे, आधीच्या कामांच्या मोजमापाची नोंद दाखवता येणे आणि काम संपल्यावर रायफल झाडून निकाल ग्राहकापुढे मांडण्याची तयारी असणे, या तीन कसोट्या नावलौकिकापेक्षा भरवशाच्या ठरतात. नळी मजबूत आहे एवढ्यावर पूर्वी कारागिराचे नाव होई. आता त्याने आपल्या कामातील चूक मिलिमीटरच्या अंशांत स्वतःच मोजून दाखवावी लागते, आणि जो ती दाखवायला कचरतो त्याच्याकडे रायफल सोपवण्याचे कारण उरत नाही.