बाउहाउसची विणकाम कार्यशाळा

बाउहाउसची विणकाम कार्यशाळा हा जर्मनीतील बाउहाउस (१९१९–१९३३) या कला, हस्तव्यवसाय व वास्तुरचना यांचे शिक्षण देणाऱ्या संस्थेचा वस्त्रविषयक विभाग होता. आधुनिक चित्रकलेतील रंग व आकार यांचा विचार या कार्यशाळेने मागावर आणला आणि पुढे वस्त्राला इमारतीच्या बांधणीतील एक घटक म्हणून स्थान मिळवून दिले. गुंटा श्टोल्झल, अ‍ॅनी अल्बर्स आणि ओटी बर्गर या येथील प्रमुख विणकर होत.

पार्श्वभूमी

वास्तुविशारद वाल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये वायमार येथे बाउहाउसची स्थापना केली. कलावंत व कारागीर यांच्यातील उच्चनीचभाव नाहीसा करणे हा संस्थेचा उद्देश होता. प्रवेशात स्त्री-पुरुष भेद राहणार नाही, असेही सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात अपेक्षेहून अधिक स्त्रिया प्रवेशासाठी आल्या, तेव्हा १९२० मध्ये त्यांच्यासाठी वेगळा वर्ग काढण्यात आला. हा वर्ग लवकरच विणकाम कार्यशाळेत विलीन झाला. धातुकामात नाव मिळवणाऱ्या मारिआने ब्रांट यांच्यासारखे अपवाद वगळता बहुतेक विद्यार्थिनींच्या वाट्याला विणकामच आले. १९२२ मध्ये आलेल्या अ‍ॅनी अल्बर्स यांनाही काचकामाची ओढ होती. माग त्यांनी प्रारंभी नाइलाजानेच स्वीकारला.

वायमार येथील काळ

प्रारंभी या विभागात तांत्रिक शिक्षणाची सोय अपुरी होती. विद्यार्थिनी बऱ्याच गोष्टी स्वतः प्रयोग करून शिकत. श्टोल्झल व बेनिटा ओटे यांनी क्रेफेल्ड या वस्त्रोद्योगाच्या शहरी जाऊन सूत रंगवण्याचे शिक्षण घेतले. या काळातील गालिचे व भिंतीवर टांगावयाची विणवस्त्रे यांवर योहानेस इट्टेन, पॉल क्ले व वासिली कँडिन्स्की या संस्थेत शिकवणाऱ्या चित्रकारांचा प्रभाव दिसतो. चौकोन, पट्टे आणि रंगांच्या चढत्या-उतरत्या छटा ही त्यांची वैशिष्ट्ये होत. उभ्या व आडव्या धाग्यांच्या काटकोनी रचनेतून भौमितिक आकार सहज साधतात; त्यामुळे अमूर्त कलेची भाषा मागाला परकी वाटली नाही.

डेसाऊ येथील काळ

१९२५ मध्ये संस्था डेसाऊ येथे गेली व १९२६ मध्ये तिची नवी इमारत पूर्ण झाली. १९२७ मध्ये श्टोल्झल कार्यशाळेच्या प्रमुख झाल्या. बाउहाउसमध्ये ‘मास्टर’ हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्यांच्या काळात हातमाग हे प्रयोगाचे साधन मानले गेले: मागावर नमुने सिद्ध करावयाचे आणि त्यांवरून कारखान्यांनी कापड काढावयाचे. पडदे, आसनांचे कापड व भिंतींची आच्छादने यांवर भर दिला गेला. कापडाचा टिकाऊपणा व प्रकाश आणि ध्वनी यांच्याशी असलेले त्याचे नाते तपासले जाऊ लागले. मार्सेल ब्रॉयर यांच्या पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांसाठी मेण लावून घट्ट केलेल्या सुताचे मजबूत कापड वापरले गेले.

वास्तू आणि वस्त्र

नव्या इमारतींतील काचेच्या मोठ्या भिंती आणि उघड्या, कठीण पृष्ठभागांच्या खोल्या यांमुळे प्रखर उजेड व आवाजाचा घुमारा हे प्रश्न निर्माण झाले. हान्नेस मायर यांनी बर्नाऊ येथे बांधलेल्या कामगार संघटनांच्या प्रशिक्षण संस्थेतील सभागृहासाठी अल्बर्स यांनी याचे उत्तर शोधले. त्यांच्या भिंतीच्या कापडाची मागील बाजू आवाज शोषून घेई, तर पुढील बाजूस विणलेले सेलोफेन प्रकाश परावर्तित करी. याच कामावर १९३० मध्ये त्यांना पदविका मिळाली. कापड डोळ्यांइतकेच स्पर्शानेही जाणून घ्यावे लागते, असे बर्गर यांचे प्रतिपादन होते.

वस्त्र व वास्तुकला यांवरील १९५७ च्या निबंधात अल्बर्स यांनी संग्रहालयाचेच उदाहरण घेतले आहे. दालनांची विभागणी करण्यासाठी पक्क्या भिंतींऐवजी कमीअधिक पारदर्शक वस्त्रभिंती वापरता येतील, अशी कल्पना त्यांनी मांडली. हलवता व बदलता येणे हा वस्त्राचा गुण त्यांना तेथे महत्त्वाचा वाटला.

अखेर

राजकीय विरोध व संस्थेतील अंतर्गत वाद यांमुळे श्टोल्झल यांनी १९३१ मध्ये बाउहाउस सोडले व स्वित्झर्लंडमध्ये विणकाम सुरू केले. नाझी सत्तेच्या दडपणाखाली १९३३ मध्ये संस्था बंद पडली. अल्बर्स पती योझेफ यांच्यासह अमेरिकेत गेल्या. बर्गर यांनी बर्लिनमध्ये स्वतःची कार्यशाळा काढून आपल्या कापडाचे पेटंटही मिळवले होते. मात्र त्या ज्यू असल्याने त्यांना व्यवसाय करण्यास बंदी झाली. काही काळ इंग्लंडमध्ये राहून त्या आजारी आईसाठी मायदेशी परतल्या. १९४४ मध्ये आउशविट्झ येथे त्यांची हत्या झाली.

वारसा

१९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने अल्बर्स यांच्या वस्त्रांचे प्रदर्शन भरवले. एकाच विणकराच्या कामाला वाहिलेले हे त्या संग्रहालयातील पहिले प्रदर्शन होते. आपला विणकामावरील ग्रंथ (१९६५) त्यांनी प्राचीन पेरूच्या विणकरांना अर्पण केला. डेसाऊची इमारत १९९६ पासून जागतिक वारसा यादीत असून बर्नाऊच्या संस्थेचा समावेश २०१७ मध्ये झाला. स्त्रियांसाठी दुय्यम म्हणून राखलेली ही शाखा बाउहाउसच्या यशस्वी कार्यशाळांपैकी एक मानली जाते.