उल्हासनगर आणि रहिवासाचे कागद

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या आगगाडींत बसलें म्हणजे कल्याण सुटल्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं स्थानकें ओळीनें लागतात. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ चें. तेथील शिलालेख शिलाहार राजांच्या काळचा. बदलापूर हें नांव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडलें असें लोक सांगतात. ती व्युत्पत्ति खरी असो वा खोटी, वाटसरूनें यावें, घोडा बदलावा आणि कोणी कांहीं न विचारतां पुढें जावें, असा एक काळ तिच्यांत गृहीत धरलेला आहे. या दोन जुन्या गांवांच्या शेजारचें उल्हासनगर मात्र असें शहर आहे कीं ज्याचा जन्मदिवस नेमका सांगतां येतो. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसली व कल्याणच्या निर्वासित छावणीस नदीवरून हें नवें नांव मिळालें. या शहराच्या व्यापाराविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्ही आज तेथल्या कागदांविषयीं लिहिणार आहों.

छावणी मूळची लष्कराची. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ सैन्यासाठीं बराकी बांधल्या गेल्या आणि युद्ध संपल्यावर त्या ओस पडल्या. पुढें फाळणी झाली, ६ जानेवारी १९४८ रोजीं कराचींत दंगा झाला, आणि तोंवर ‘थांबून पाहूं’ म्हणणाऱ्या सिंधी हिंदूंचाही धीर सुटला. बोटींनीं आणि गाड्यांनीं माणसें येऊं लागलीं. त्यांपैकीं जवळजवळ एक लक्ष लोकांस सरकारनें या बराकींत आणून ठेविलें. लांबच लांब बराक, मध्यें गोणपाटाचे पडदे, पडद्याच्या एका अंगास एक कुटुंब तर दुसऱ्या अंगास दुसरें, असा तो संसार होता. छावणीचे पांच भाग होते, व अद्यापही तेथला मनुष्य पत्ता सांगतांना आळीचें नांव न घेतां कँपचा आंकडा सांगतो.

या लोकांचा सरकारी कागदाशीं पहिला परिचय झाला तो निर्वासित या नात्यानें. नांवनोंदणी झाली, शिधापत्रिका झाली, मग सिंधमध्यें मागें राहिलेल्या घरादाराचे दावे आले. दाव्यांच्या तपासणीचा कायदा १९५० चा आणि नुकसानभरपाईचा १९५४ चा. घर सोडतांना ज्यानें भांडींकुंडीं उचललीं पण पेटींतलें खरेदीखत उचललें नाहीं, त्याची किती पंचाईत झाली असेल तें सांगावयास नको. तथापि हे सर्व लोक नागरिक होते, आणि तें त्यांस कोणी विचारीत नव्हतें.

ज्यांस विचारलें जाऊं लागलें ते मागून आलेले. भारत सरकारनें १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानांतून येणाऱ्यांस परवान्याची अट घातली आणि पुढें हीच तारीख आपल्या घटनेच्या सहाव्या कलमांत जाऊन बसली. जो स्वतः, किंवा ज्याच्या आईबापांपैकीं अथवा आजाआजींपैकीं कोणी, अखंड हिंदुस्थानांत जन्मला होता, असा मनुष्य त्या तारखेपूर्वीं येऊन येथेंच राहिला असेल तर तो आपोआप नागरिक झाला. त्या तारखेस वा तिच्यानंतर आला असेल तर त्यानें सहा महिने वास्तव्य करावें, अर्ज द्यावा, आणि घटना अमलांत येण्यापूर्वीं नेमलेल्या अधिकाऱ्यापाशीं नांव नोंदवून घ्यावें. म्हणजे एकाच कराचीहून निघालेली एक बोट अठरा तारखेस धक्क्याला लागली असेल व दुसरी वीस तारखेस, तर पहिलींतल्या उतारूस कांहींच करावें लागलें नाहीं व दुसरींतल्यास अर्ज करावा लागला. परवान्याचा खरा जाच मात्र या लोकांपेक्षां दुसऱ्यांस झाला हें न्यायानें सांगितलें पाहिजे. जीं मुसलमान कुटुंबें भीतीनें तिकडे गेलीं आणि मागाहून आपल्या घरीं परत येऊं इच्छीत होतीं, त्यांच्यापुढें ही अट भिंतीसारखी उभी राहिली. कायमच्या वास्तव्याचा परवाना नसेल तर सातव्या कलमानें त्यांचें नागरिकत्वच गेलें. ‘परवाना’ हा चिठ्ठीचपाटीचा शब्द अशा रीतीनें घटनेच्या पानावर चढला.

१९५२ च्या ऑक्टोबरांत दोन्ही देशांमध्यें पासपोर्टाची पद्धति सुरू झाली व परवान्याचें युग संपलें. येथून पुढें सिंधमधून येणारा हिंदु हा कायद्याच्या दृष्टीनें परदेशी ठरला. तो येत मात्र राहिला. १९६५ व १९७१ च्या युद्धांनंतर आला, १९९२ च्या डिसेंबरांत तिकडील देवळांवर हल्ले झाले त्यानंतर आला. त्याचा चुलता १९४८ पासून कँपांत राहत होता, भाषा तीच, मासळी शिजविण्याची तऱ्हा तीच. पण चुलत्याजवळ मतदानाचा हक्क आणि पुतण्याजवळ हिरव्या रंगाचें पारपत्र. उल्हासनगरच्या इतिहासाचा जो भाग आम्हांस सर्वांत चमत्कारिक वाटतो तो हाच, कीं ज्या शहरांत बहुतेक सारेच एका वाटेनें आले, तेथें कांहीं लोकांस आपण येथले आहों हें दर कांहीं वर्षांनीं सिद्ध करावें लागतें.

हें सिद्ध करण्याचें साधन म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा. तो मिळण्यास व पुढें वाढवून घेण्यास पारपत्राची व पूर्वीच्या व्हिसाची प्रत, राहत्या जागेचा पुरावा, प्रतिज्ञापत्र, आणि कोणा भारतीय नागरिकाची हमी लागते. मग पोलिसांचा तपास, वरिष्ठांकडे अहवाल, आणि वाट पाहणें. मुदत संपण्याच्या आंत अर्ज केला पाहिजे, आणि उत्तर येईपर्यंत नवी मुदत जवळ आलेली असावयाची. व्हिसा ठराविक गांवापुरता असे. त्या मर्यादेबाहेर लग्नाकार्यास जावयाचें म्हटलें तरी आधीं परवानगी मागावी. यांत कोणा एका कारकुनाचा दुष्टपणा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या देशाशीं युद्धें झालीं त्या देशाच्या नागरिकावर नजर ठेवणें कोणत्याही सरकारास प्राप्तच आहे. अडचण इतकीच कीं हेर शोधण्यासाठीं केलेला नियम आणि आश्रयास आलेल्या म्हातारीसाठीं असलेला नियम एकाच टेबलावर, एकाच दप्तरांत बांधलेला आहे.

पारपत्राची गोष्ट तर याहून विचित्र. येथें राहण्यासाठीं तिकडचें पारपत्र जिवंत ठेवावयाचें, म्हणजे ज्या राज्यास सोडून आलों त्याच्याच दिल्लींतील वकिलातींत जाऊन पैसे भरून तें नवें करून घ्यावयाचें. पुढें भारतीय नागरिकत्व मागण्याची वेळ आली कीं त्याच वकिलातीकडून पहिलें नागरिकत्व सोडल्याचा दाखला मागितला जाई. पाकिस्तानच्या कायद्याप्रमाणें एकवीस वर्षें पुरीं झाल्याविना असा त्याग करतां येत नाहीं. तेव्हां बापाचें काम होऊनही मुलाचें अडून राही. कालांतरानें दाखल्याऐवजीं प्रतिज्ञापत्र चालेल अशी सवलत झाली. ती होईपर्यंत कित्येकांच्या आयुष्याचा चांगला भाग निघून गेला.

कायद्याच्या बदलत्या तारखांनीं एका घराचे कसे तुकडे पडतात हें पाहण्यासारखें आहे. आईबाप दोघेही पाकिस्तानचे नागरिक आहेत आणि मुलें उल्हासनगरांत जन्मलीं आहेत असें घर डोळ्यांपुढें आणावें. १९८६ सालीं जन्मलेली मुलगी जन्मानेंच भारतीय होय, कारण १ जुलै १९८७ पूर्वीं येथें जन्मणें एवढेंच पुरें होतें. तिचा १९९० सालचा भाऊ परदेशी. त्या काळांत आईबापांपैकीं एक जण तरी भारतीय असावा लागे. ३ डिसेंबर २००४ नंतर तर ही अट अधिकच कडक झाली. दोघांचें इस्पितळ एक, शाळा एक. थोरली मत देते, धाकटा पोलिसांकडे आपली नोंद करवितो.

परकीयांस आश्रय देण्याचा प्रसंग महाराष्ट्रास नवा नव्हता. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४५ च्या जुलैंत लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता ब्रिटननें काढून घेतली, आणि ज्या सरकारच्या भरंवशावर हे लोक येथें होते तेंच नाहींसें झालें. ते पुढें इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांस गेले, व त्यांच्या रिकाम्या घरांत सिंधी निर्वासित येऊन राहिले. तें आजचें गांधीनगर. पोलिश लोकांस जावयास दुसरे देश तरी सांपडले. सिंधी मनुष्यास उल्हासनगर हाच शेवटचा मुक्काम होता.

अलीकडच्या सवलतींचा आतां उल्लेख केला पाहिजे. २०१६ सालीं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या या अल्पसंख्याकांस राहण्यापुरतें लहानसें घर घेण्याची, बँकेंत खातें उघडण्याची व राज्यांत हिंडण्याची मोकळीक मिळाली; नागरिकत्वाच्या नोंदणीची फी, जी पूर्वीं हजारांत होती, ती शंभर रुपयांवर आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत देशांतील सोळा जिल्हाधिकाऱ्यांस नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले गेले, आणि त्यांत ठाण्याचा जिल्हाधिकारी होता. ही गोष्ट दिसावयास लहान. परंतु दिल्लीच्या दप्तरांत वर्षानुवर्षें पडणारा कागद ठाण्यांत निकालांत निघणें म्हणजे काय, हें लोकलनें तासाभरांत तेथें पोहोंचणाऱ्या मनुष्यासच कळेल. २०१९ च्या दुरुस्तीनें पाकिस्तान, अफगाणिस्तान व बांगलादेश येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदु, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांस अकरांऐवजीं पांच वर्षांच्या वास्तव्यावर नागरिकत्व मागतां येऊं लागलें. धर्मावरून अशी निवड करावी काय हा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. आमच्या मतें तो प्रश्न गंभीर आहे, पण त्याचा विचार स्वतंत्र लेखांतच व्हावा. या दुरुस्तीचे नियम निघावयास ११ मार्च २०२४ उजाडलें. नियमांनीं अर्ज तपासण्याचें काम जिल्ह्यांतील टपालखात्याच्या अधीक्षकाच्या समितीकडे दिलें. पत्रें पोंचविणाऱ्या खात्यानें आतां माणसांचा पत्ता ठरवावा, हें मौजेचें खरें.

२०२५ च्या एप्रिलांत पहलगामचा हल्ला झाला व पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसे चालू राहतील असा खुलासा सरकारनें लवकरच केला. पण हुकूम आणि खुलासा यांच्या मधले ते दिवस कँपांतील अशा घरांनीं कसे काढले असतील, याची कल्पना आमच्या वाचकांस करतां येईल.

त्याच वर्षीं १ सप्टेंबरला नवा कायदा अमलांत आला. १९२०, १९३९ व १९४६ चे इंग्रजी अमदानींतले कायदे त्यानें मोडीत काढले. तीन देशांतून छळामुळें आलेल्या या अल्पसंख्याकांस कागदांविना वा मुदत संपलेल्या कागदांवर राहिल्याबद्दल शिक्षा होऊं नये, यासाठीं आतां ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख ठरली आहे. नागरिकत्वाच्या सवलतीची तारीख मात्र २०१४ चीच राहिली. मधल्या दहा वर्षांत आलेला मनुष्य येथें राहूं शकतो. नागरिक होण्यासाठीं त्यानें जुन्या हिशेबानें अकरा वर्षें मोजावयाचीं आहेत.