आवाज ऐकून तबल्याची शाई ओळखता येईल का? गणितातला ‘उलटा प्रश्न’

घोटावडे असो की पंढरपूर, भजन सुरू होण्याआधी पखवाजवादक डाव्या तोंडाला ओली कणीक लावतो. थाप मारून पाहतो आणि हवा तसा आवाज येईपर्यंत कणीक कमी-जास्त करतो. उजव्या तोंडावर मात्र काळी शाई कायमची बसवलेली असते, तशीच तबल्यावरही. वजन बदललं की आवाज बदलतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण उलट जाता येईल का? वाद्य न पाहता, नुसत्या आवाजावरून शाई कुठे संपते हे सांगता येईल का?

शाई नेमकं काय करते?

सगळीकडे सारख्या जाडीच्या गोल पडद्यावर थाप मारली की एकाच वेळी अनेक वारंवारता निघतात. सर्वांत खालची १ धरली, तर पुढच्या साधारण १.५९, २.१४, २.३० पट येतात. त्या पूर्ण पटीत नसल्यामुळे साध्या ढोलातून स्पष्ट सूर लागत नाही.

सी. व्ही. रामन यांनी एस. कुमार यांच्यासोबत १९२० साली ‘नेचर’मध्ये लिहिलं की शाईच्या भारतीय वाद्यांत वारंवारता जवळजवळ १, २, ३, ४, ५ अशा पटीत येतात. म्हणूनच तबला सुरात लावता येतो.

शाईत लोखंडाचा कीस असतो, त्यामुळे पडद्याचा तेवढा भाग जड होतो. शाईच्या कडेपाशी वजन एकदम बदलतं. अशा अचानक उडीला गणितात ‘असांतत्य’ म्हणतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी १९५४ साली तबल्याचा पडदा दोन वेगळ्या घनतांचा मानला. आतल्या आणि बाहेरच्या भागासाठी वेगळी अवकल समीकरणं मांडली, ती सांध्यावर जुळवली आणि वारंवारता काढल्या.

सुलट प्रश्न, उलट प्रश्न

हा झाला सुलट प्रश्न: वाद्य माहीत आहे, आवाज काढा. उलट प्रश्नात वारंवारतांची यादी, म्हणजे वर्णपट, हातात असतो आणि वस्तू शोधायची असते.

गणितज्ञ मार्क काक यांनी १९६६ साली हाच प्रश्न गाजवला: ढोलाचा आकार ऐकून कळतो का? उत्तर १९९२ साली मिळालं. गॉर्डन, वेब आणि वोल्पर्ट यांनी दोन वेगळे आकार दाखवले, ज्यांच्या वारंवारता तंतोतंत सारख्या आहेत. म्हणजे नुसता कान नेहमीच पुरत नाही.

तारेसारख्या एका रेषेतल्या वस्तूंबाबत गणित थोडं उदार आहे. स्वीडनच्या योरान बोर्ग यांनी १९४६ साली दाखवलं की साधारणपणे एक यादी पुरत नाही, दोन लागतात. तीच तार एकदा दोन्ही टोकं घट्ट धरून ऐकायची आणि एकदा एक टोक वेगळ्या पद्धतीने धरून.

मध्येच सांधा असेल तर?

मग अडचण वाढते, कारण आता सांधा कुठे आहे आणि उडी केवढी आहे हेही शोधावं लागतं. १९८४ साली ओले हाल्ड यांनी अशा प्रश्नावर महत्त्वाचं उत्तर दिलं. ठरावीक अटींत, अर्ध्या भागाची माहिती आधीच असेल, तर एकाच यादीवरून उरलेला भाग आणि सांध्याची जागा दोन्ही ठरतात. त्यांच्या डोळ्यांसमोर तबला नव्हता, पृथ्वी होती. भूकवच आणि त्याखालचं प्रावरण यांच्यामध्येही असाच सांधा आहे आणि मोठ्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी घंटेसारखी कंप पावते.

सोंधीही पुढे उलट प्रश्नाकडे वळले. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बी. गोपीनाथ यांच्यासोबत त्यांनी १९७१ साली ओठांपाशी ध्वनी सोडून, परत येणाऱ्या ध्वनीवरून तोंड-घशाच्या पोकळीचा आकार काढण्याची पद्धत मांडली.

आपल्याला याचं काय?

मुळशीपासून कोयनेपर्यंत आपल्या पायाखाली बेसॉल्टचे थर आहेत आणि त्यांच्याखाली फार जुना ग्रॅनाइटसारखा खडक. हाही एक सांधाच. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर या भागातली जमीन शास्त्रज्ञ सतत ‘ऐकत’ आले आहेत. तिथे मुख्यतः लाटा पोहोचायला लागलेला वेळ मोजतात, पण प्रश्न उलटाच आहे आणि एकाच नोंदीला एकाहून जास्त उत्तरं बसू शकतात.

म्हणूनच २०१७ साली कोयना भागात गोठणे इथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आलं. बेसॉल्ट तिथे सुमारे सव्वा किलोमीटरवर संपला. प्रत्यक्ष मिळालेल्या अशा एका आकड्यामुळे वरून ऐकलेल्या कंपनांचे कितीतरी चुकीचे अर्थ बाद होतात. उलट्या प्रश्नाचं गणित नेमकं हेच सांगतं: ऐकून किती कळेल, आणि कुठे थांबून खणावंच लागेल.