व्हिडिओ खेळांचे रचनाकार आणि कंपन्या

व्हिडिओ खेळाची कल्पना, नियम, चित्रे, ध्वनी व संगणकीय आज्ञावली सिद्ध करणाऱ्या व्यक्तींना रचनाकार म्हणतात. हे खेळ बाजारात आणणाऱ्या कंपन्या आणि त्यांच्याकडे दीर्घकाळ काम करून नावारूपास आलेले रचनाकार यांचे संबंध हा या उद्योगाच्या इतिहासातील एक वादग्रस्त विषय आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शकाचे नाव असते. व्हिडिओ खेळांच्या बाबतीत मात्र आरंभीच्या काळात रचनाकाराचे नाव ग्राहकास सहसा कळू दिले जात नसे. नाव, विक्रीतील वाटा आणि निर्माण केलेल्या पात्रांवरील अधिकार या तीन गोष्टींवरून रचनाकार व कंपन्या यांच्यात वेळोवेळी संघर्ष झाले.

या संघर्षाचे मूळ बऱ्याच अंशी कायद्यात आहे. अमेरिकेच्या १९७६ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार कर्मचाऱ्याने नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा कर्ता मालकच समजला जातो. जपानच्या १९७० च्या अधिनियमातही, अन्यथा करार नसल्यास, अशा कृतीची कर्ती संबंधित संस्थाच ठरते. त्यामुळे कृतीशी आपले नाव जोडण्याचा नैतिक अधिकारही व्यक्तीकडे उरत नाही. भारताच्या १९५७ च्या अधिनियमात प्रताधिकाराचा पहिला धनी मालक असला, तरी कर्ता ही व्यक्तीच राहते आणि कर्तृत्व सांगण्याचा तिचा विशेष अधिकार कलम ५७ अन्वये अबाधित असतो. हा भेद सूक्ष्म वाटला, तरी महत्त्वाचा आहे. व्हिडिओ खेळांचा उद्योग प्रथम वाढला तो मुख्यतः अमेरिका व जपान या देशांत.

अटारी : नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनी १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात अटारी ही कंपनी स्थापन केली. १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्स या उद्योगसमूहाने ती सु. २ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. पुढच्याच वर्षी अटारीने घरच्या दूरदर्शन संचास जोडावयाचे आणि कार्ट्रिज बदलून निरनिराळे खेळ खेळता येणारे यंत्र बाजारात आणले. या यंत्राची कार्यकारी स्मृती केवळ १२८ बाइट होती आणि सुरुवातीच्या कार्ट्रिजची क्षमता फार तर ४ किलोबाइट. एवढ्याशा जागेत खेळ बसविण्याचे काम बहुधा एकच व्यक्ती करी. कल्पना तिची, पडद्यावरील आकृत्या तिच्या, आवाज तिचे आणि आज्ञावलीची प्रत्येक ओळही तिचीच. पुढील काळात शेकडो माणसांच्या चमूंनी केलेल्या निर्मितीपेक्षा हे काम सोनाराच्या कारागिरीला अधिक जवळचे होते. खेळावर एकाच कर्त्याचा ठसा सर्वांत स्पष्ट होता, नेमका त्याच काळात तो कर्ता निनावी ठेवला गेला.

१९७८ मध्ये अटारीची सूत्रे रे कॅसर यांच्याकडे गेली. ते बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या वस्त्रोद्योगातील मोठ्या कंपनीतून आले होते. विक्री व जाहिरात यांची त्यांना उत्तम जाण होती आणि त्यांच्या कारकीर्दीत अटारीची उलाढाल झपाट्याने वाढली, हे नाकारता येत नाही. रचनाकारांची नावे प्रसिद्ध झाल्यास प्रतिस्पर्धी त्यांना पळवतील, अशी कंपनीची धास्ती होती. अशातच कोणत्या खेळाची विक्री किती झाली, हे दर्शविणारे एक टिपण कंपनीत फिरविण्यात आले. लोकांना काय आवडते ते रचनाकारांना कळावे, हा त्याचा हेतू. परिणाम मात्र वेगळाच झाला. डेव्हिड क्रेन यांनी पुढे दिलेल्या माहितीनुसार ते स्वतः, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड व लॅरी कॅप्लान या चौघांच्या खेळांचा कार्ट्रिजच्या विक्रीतील वाटा सु. ६०% होता. १० कोटी डॉलरच्या विक्रीपैकी ६ कोटी चौघांच्या कामातून आले होते आणि प्रत्येकाचे वार्षिक वेतन मात्र फार तर ३०,००० डॉलर होते. ग्रंथलेखक किंवा गायक यांना मिळते तशी काही रॉयल्टी आणि वेष्टनावर नाव, एवढे मागण्यासाठी चौघे कॅसर यांना भेटले. जुळणी विभागात कार्ट्रिज तयार करणाऱ्या कामगाराइतकेच तुमचे महत्त्व आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाल्याचे क्रेन यांनी सांगितले आहे. कापडाच्या व्यवसायात नक्षीकाराचे नाव कोणी विचारीत नसते. कॅसर यांची दृष्टी बहुधा तेथूनच घडली असावी.

त्याच सुमारास वॉरन रॉबिनेट या रचनाकाराने निराळा मार्ग पत्करला. ‘ॲडव्हेंचर’ या आपल्या खेळात त्याने एक गुप्त दालन बांधले. पडद्यावर जेमतेम दिसणारा एक करडा ठिपका शोधून तो योग्य ठिकाणी नेल्यासच त्या दालनात शिरता येई आणि तेथे रॉबिनेट याचे नाव झळकत असे. ही गोष्ट त्याने सहकाऱ्यांपासूनही लपविली. त्याचे वेतन वर्षाला सु. २२,००० डॉलर होते, खेळाच्या सु. १० लाख प्रती खपल्या. १९८० मध्ये एका मुलाने पत्र लिहून हे दालन सापडल्याचे अटारीस कळविले, तेव्हा रॉबिनेट नोकरी सोडून गेलेला होता. कंपनीने ते नाव काढून टाकले नाही. ईस्टरच्या सणात लपविलेली अंडी मुलांनी शोधावयाची असतात. त्यावरून खेळातील अशा गुप्त जागांना ‘ईस्टर एग’ हे नाव पडले आणि ही क्लृप्ती विक्रीस पोषक म्हणून पुढे सर्रास वापरली जाऊ लागली.

‘मिसाइल कमांड’ या खेळाची घरगुती आवृत्ती रॉब फुलॉप याने तयार केली. ती अतिशय खपली. त्याबद्दल बोनस म्हणून आपल्याला टर्की पक्षी विकत घेण्याचे एक कूपन मिळाले, असे तो सांगत असे. १९८१ मध्ये अटारी सोडून काही सहकाऱ्यांसह त्याने इमॅजिक ही कंपनी काढली.

ॲक्टिव्हिजन : क्रेन, मिलर, व्हाइटहेड व कॅप्लान यांनी संगीतव्यवसायातून आलेल्या जिम लेव्ही यांच्यासह ऑक्टोबर १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी स्थापन केली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ तयार करणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी होय. प्रत्येक खेळाच्या वेष्टनावर रचनाकाराचे नाव आणि माहितीपुस्तिकेत त्याचे छायाचित्र व खेळाडूंसाठी चार शब्द देण्याचा प्रघात तिने पाडला. अटारीने १९८० मध्ये तिच्यावर दावा दाखल केला. १९८२ मध्ये त्यात तडजोड झाली. त्याच वर्षी आलेल्या क्रेन यांच्या ‘पिटफॉल!’ या खेळाच्या सु. ४० लाख प्रती खपल्या. अनुभवी माणसे निघून जाऊ लागल्यावर अटारीनेही विक्रीशी निगडित बोनस देण्यास आरंभ केला. पण तोवर कुशल रचनाकार पांगले होते. उरलेल्यांपैकी हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना ‘ई. टी.’ या चित्रपटावरील खेळ १९८२ च्या नाताळपूर्वी बाजारात यावा म्हणून अवघे पाच आठवडे देण्यात आले. तो खेळ सपशेल पडला आणि त्याच्या न खपलेल्या प्रती इतर मालासह न्यू मेक्सिकोतील ॲलामोगोर्डो येथे १९८३ मध्ये पुरण्यात आल्या. त्या वर्षी अटारीस ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला व कॅसर यांना पद सोडावे लागले. या पतनाचे खापर केवळ रचनाकारांच्या असंतोषावर फोडणे योग्य नव्हे. ॲक्टिव्हिजनच्या यशामुळे अनेक नवख्या कंपन्यांनी निकृष्ट कार्ट्रिजचा पूर आणला, हेही त्याचे एक कारण होते.

त्या मंदीचा फटका ॲक्टिव्हिजनलाही बसला. मिलर व व्हाइटहेड १९८४ मध्ये बाहेर पडले, क्रेन १९८६ मध्ये. १९८८ मध्ये कंपनीने मीडियाजेनिक हे नाव घेतले. पुढे ती दिवाळखोरीत जाऊन नव्या चालकांच्या हाती जुन्या नावाने पुन्हा उभी राहिली. नाव तेच असले, तरी संस्थापकांचा तिच्याशी संबंध राहिला नव्हता. या कंपनीच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या अतिशय खपणाऱ्या मालिकेची घडण इन्फिनिटी वॉर्ड या संस्थेने केली. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर २’ या भागाने विक्रीचे उच्चांक गाठले आणि १ मार्च २०१० रोजी संस्थेचे प्रमुख जेसन वेस्ट व व्हिन्स झॅम्पेला यांना कामावरून दूर करण्यात आले. करारभंग व अवज्ञा हे ॲक्टिव्हिजनने दिलेले कारण. देय असलेली रॉयल्टी टाळण्यासाठीच हे केले, असा त्या दोघांचा दावा. मे २०१२ मध्ये हा खटला न्यायालयाबाहेर मिटला, परंतु अटी गुप्त राहिल्या. दरम्यान दोघांनी रिस्पॉन ही संस्था काढली आणि अनेक जुने सहकारी तेथे गेले. विक्रीतील वाटा नाकारला म्हणून जन्मलेल्या कंपनीवर तीस वर्षांनी तोच आरोप व्हावा, ही घटना या उद्योगाच्या इतिहासात नेहमी उल्लेखिली जाते.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीची कथाही याच वळणाची आहे. ट्रिप हॉकिन्स यांनी १९८२ मध्ये ती स्थापन केली, तेव्हा रचनाकारांना कलावंत मानणे हेच तिचे ब्रीद होते. ध्वनिमुद्रिकांसारख्या चपट्या वेष्टनांत तिचे खेळ येत आणि १९८३ च्या जाहिरातीत रचनाकारांची छायाचित्रे झळकली होती. २००४ मध्ये तेथील एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने लिहिलेल्या निनावी खुल्या पत्रात अमर्याद कामाच्या तासांचे वर्णन होते. जादा कामाच्या मोबदल्याविषयीच्या दोन दाव्यांत कंपनीला पुढे एकूण सु. ३ कोटी डॉलर द्यावे लागले.

जपान : जपानमध्ये दीर्घकाळ एकाच कंपनीत नोकरी करण्याची रीत असल्याने संघर्षाचे स्वरूप वेगळे होते. १९८० नंतरच्या दशकात अनेक जपानी खेळांच्या शेवटी रचनाकारांची खरी नावे न देता टोपणनावे देत. ‘मेगा मॅन’ (१९८७) या खेळात केजी इनाफुने यांचे नाव ‘इनाफकिंग’ असे दिसते. येथेही माणसे पळविली जाण्याची भीती हेच कारण होते. ‘पॅक-मॅन’ (१९८०) या जगद्विख्यात खेळाचे कर्ते तोरू इवातानी यांना त्याबद्दल वेगळे पारितोषिक मिळाले नाही. तथापि त्यांनी रागाने कंपनी सोडल्याची वदंता निराधार असून ते नाम्को कंपनीत दीर्घकाळ राहिले व २००७ मध्ये तोक्यो पॉलिटेक्निक विद्यापीठात अध्यापक झाले.

गुनपेई योकोई (१९४१–९७) यांचे चरित्र याहून गुंतागुंतीचे आहे. निंटेंडो ही क्योटोतील पत्ते बनविणारी कंपनी असताना, १९६५ मध्ये, यंत्रांच्या देखभालीसाठी त्यांची नेमणूक झाली. फावल्या वेळात त्यांनी केलेला लांब पसरणारा हात कंपनीच्या अध्यक्षांच्या नजरेस पडला आणि ‘अल्ट्रा हँड’ या नावाने त्याचे १० लाखांहून अधिक नग विकले गेले. ‘गेम अँड वॉच’ (१९८०), दिशा देणारी फुलीच्या आकाराची कळ आणि ‘गेम बॉय’ (१९८९) या त्यांच्या पुढील निर्मिती होत. स्वस्त व जुन्या झालेल्या तंत्राचा नव्या प्रकारे उपयोग करावा, हे त्यांचे सूत्र होते. १९९५ मधील ‘व्हर्च्युअल बॉय’ हे यंत्र मात्र अयशस्वी ठरले आणि ऑगस्ट १९९६ मध्ये, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, योकोई कंपनीतून बाहेर पडले. त्या अपयशाची ही शिक्षा होती, असा समज सर्वत्र पसरला. योकोई यांनी स्वतः तो अमान्य केला. निवृत्तीचा विचार आपण आधीच केला होता, असे त्यांनी म्हटले. त्यांनी कोतो ही छोटी संस्था काढली. परंतु ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांचा सहभाग असलेले ‘वंडरस्वान’ हे यंत्र १९९९ मध्ये बाजारात आले. निंटेंडोतच १९७७ साली रुजू झालेले शिगेरू मियामोतो यांना मात्र २०१५ मध्ये कंपनीने खास सर्जनशील सल्लागाराचे पद दिले.

कोनामी व हिदेओ कोजिमा यांचे प्रकरण अधिक उघडपणे घडले. १९८६ मध्ये कंपनीत आलेल्या कोजिमा यांनी ‘मेटल गियर’ (१९८७) या मालिकेला जगभर लौकिक मिळवून दिला. तिच्या वेष्टनांवर त्यांचे नाव ठळकपणे छापले जात असे. मार्च २०१५ मध्ये ते नाव जाहिरातींतून व वेष्टनावरून अचानक वगळण्यात आले. सप्टेंबरमध्ये पाचवा खेळ प्रसिद्ध झाला आणि डिसेंबरमध्ये त्याला पारितोषिके मिळाली; परंतु कोनामीच्या वकिलाने समारंभास उपस्थित राहण्यास कोजिमा यांना मनाई केल्याचे सूत्रसंचालकाने व्यासपीठावरूनच सांगितले. त्याच महिन्यात करार संपताच त्यांनी स्वतंत्र संस्था स्थापन केली. २८ वर्षे जोपासलेली पात्रे मात्र कोनामीकडेच राहिली.

स्वतंत्र मार्ग : कंपनी सोडणाऱ्या ज्येष्ठांना लोकवर्गणीचा पर्याय २०१२ नंतर उपलब्ध झाला. २०१० मध्ये कॅपकॉम सोडलेल्या इनाफुने यांच्या ‘मायटी नं. ९’ या खेळासाठी चाहत्यांनी सु. ४० लाख डॉलर दिले. २०१६ मध्ये आलेल्या खेळाने त्यांची निराशा केली. कोनामीतून बाहेर पडलेले कोजी इगाराशी यांना सु. ५५ लाख डॉलर मिळाले आणि त्यांचा ‘ब्लडस्टेन्ड’ (२०१९) हा खेळ वाखाणला गेला. जुन्या कंपनीच्या आधाराशिवाय ज्येष्ठ रचनाकार यशस्वी होईलच, असे यावरून म्हणता येत नाही.

जॉर्डन मेकनर यांनी आरंभीच वेगळी वाट धरली. ते ब्रॉडरबंड या प्रकाशकासाठी ग्रंथलेखकाप्रमाणे रॉयल्टीवर काम करीत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) या खेळाचे हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवले, त्यामुळे यूबिसॉफ्टने २००३ मध्ये त्याचा नवा अवतार काढला, तो त्यांच्या परवानगीने व सहभागाने. त्या २००३ च्या खेळाची पुनर्निर्मिती २०२० मध्ये यूबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील केंद्रांकडे असल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रिऑलकडे सोपविण्यात आले.

श्रेयनामावलीचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या रचनाकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नावे देण्याविषयी नियम सुचविले. ते ऐच्छिक आहेत. कामगार संघटनाही आकारास येऊ लागल्या असून, जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या झेनिमॅक्स कंपनीतील सु. ३०० परीक्षकांच्या संघटनेस मान्यता मिळाली. त्याच्या पुढच्याच महिन्यात निंटेंडोने ‘मेट्रॉइड प्राइम’ (२००२) या गाजलेल्या खेळाची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. मूळ खेळ घडविणाऱ्यांची नावे त्यात स्वतंत्रपणे नव्हती; मूळ चमूच्या कामावर ही आवृत्ती आधारलेली आहे, एवढी एक ओळ शेवटी होती.